न्हाणीघराची दुरुस्ती आणि घरातील उजेड : घरी परतणाऱ्या रुग्णासाठी

अस्थिरोग विभागाच्या वर्षभरातील कामाचा तपशील या अहवालात अन्यत्र आलेला आहे. त्या तक्त्यांत न मावणाऱ्या एका विषयाकडे आम्ही देणगीदारांचे, विश्वस्तांचे आणि विशेषतः रुग्णांच्या नातेवाइकांचे लक्ष वेधू इच्छितो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णाची शस्त्रक्रिया बहुधा तास-दोन तासांत पूर्ण होते. पुढे तो रुग्ण स्वतःच्या पायांवर वावरू लागतो की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या घरातील पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या दहा-बारा पावलांवर ठरते.

एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी मोरीतील ओल्या फरशीवरून घसरल्या आणि खुबा मोडून आमच्याकडे दाखल झाल्या. मुलगा आणि सून दोघेही अत्यंत काळजीवाहू. आजी रुग्णालयात असतानाच त्यांनी गवंडी बोलावला, जुनी शहाबादी फरशी उखडली आणि आजी परतण्यापूर्वी न्हाणीघर नवेकोरे करून ठेवले. जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत पांढऱ्या टाइल्स, पांढरे कमोड, पांढरे बेसिन आणि आरशावर एकच प्रखर दिवा. तिसऱ्या आठवड्यात, पहाटे, आजी त्याच न्हाणीघराच्या दारात पडल्या आणि त्यांचा दुसरा खुबा मोडला.

यात कुटुंबाला दोष देणे आम्हाला उचित वाटत नाही. आमच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे होती, टाके काढण्याची तारीख होती, वॉकर वापरण्याची सूचना होती. न्हाणीघराविषयी एक ओळही नव्हती. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्यानंतर आमच्या भौतिकोपचार विभागाने एक प्रथा सुरू केली. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना न्हाणीघराचे छायाचित्र आणि चार मापे आणावयास सांगितले जाते : दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, कमोडची उंची आणि पलंगापासूनचे अंतर. पुढे जे लिहिले आहे, ते अशा छायाचित्रांवरून आणि मापांवरून आम्हीच शिकलो आहोत.

पडणे ही किरकोळ बाब समजण्याची आपल्याकडे रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो, आणि यांत साठीपुढील माणसे सर्वाधिक असतात.

नातेवाइकांना आम्ही पहिली गोष्ट सांगतो ती ही, की हातोडा सर्वांत शेवटी उचलावा. घरात अपघात झाला की मन अपराधी होते आणि काहीतरी मोठे, दिसण्याजोगे करावेसे वाटते. परंतु न्हाणीघर नीट नव्याने बांधावयाचे तर तीन-चार आठवडे सहज जातात, आणि रुग्ण तर आठ-दहा दिवसांत घरी येतो. घाईत उरकलेल्या कामात जलरोधक थर कच्चा राहतो, फरशीचा उतार चुकतो आणि पाणी नेमके पाय ठेवण्याच्या जागी साचते. उलट उजेड, आधाराच्या दांड्या आणि बसण्याची उंची या तीन गोष्टी दोन दिवसांत, एकही टाइल न फोडता करता येतात. आधी त्या कराव्यात.

उजेडाचा विचार प्रथम करण्याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. वयोमानाने बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यांतील भिंग पिवळसर, धूसर बनते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या तुलनेत साधारण एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. तरुण मुलाला पुरेसा वाटणारा दिवा आजोबांना अंधूक वाटतो तो यामुळे. मग अधिक प्रखर दिवा लावावा, हा सरळ वाटणारा उपाय मात्र अपुरा ठरतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत प्रखर प्रकाश विखुरतो आणि दिपल्यासारखे होते. चकचकीत टाइल्सवरून परावर्तित झालेला प्रकाश तर थेट डोळ्यांवर येतो. म्हणून एका झगझगीत दिव्यापेक्षा दुधी झाकण असलेले दोन दिवे बरे : एक आंघोळीच्या जागेच्या वर आणि दुसरा आरशाजवळ. केवळ आरशावर दिवा असला की आरशाकडे पाठ करून निघालेल्या माणसाची सावली त्याच्याच पावलांवर पडते आणि उंबरा त्या सावलीत बुडतो.

रात्रीचा उजेड हा वेगळाच विषय आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसमोर पांढरा दिवा लागला की तो सराव क्षणात मोडतो, आणि तो पूर्ववत होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात; वृद्धांना त्याहूनही अधिक. जाताना दिवा असतो. परतताना तो बंद केला की पुढची सारी पावले ठार अंधारात पडतात. यासाठी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर, पिवळसर आणि मंद असे दोन-तीन दिवे लावावेत. माणसाची चाहूल लागताच पेटणारे दिवेही आता सहज मिळतात. पण पायांपुरता उजेड रात्रभर राहणे आम्हाला अधिक विश्वासाचे वाटते. वीज जाते तेथे त्यांतील एक तरी दिवा बॅटरीवर चालणारा असावा. मुख्य दिव्याचे बटण न्हाणीघराच्या बाहेर, दाराच्या कडेला, कमरेच्या थोडे वर असावे. आत शिरून, अंधारात भिंत चाचपत बटण शोधावे लागणे हे अनेक अपघातांचे मूळ आहे. दिवे घेताना वॅटपेक्षा खोक्यावरील ल्यूमेनचा आकडा पाहावा. जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका, म्हणजे सुमारे ८०० ल्यूमेन उजेड आज आठ-नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो.

रंगांचा विचार फारसा कोणी करीत नाही. पांढऱ्या फरशीवरील पांढरे कमोड स्वच्छतेची खूण म्हणून आपल्याला आवडते. पण अंधुक दृष्टीच्या माणसाला त्याची कडाच दिसत नाही आणि बसताना अंदाज चुकतो. गडद रंगाची सीट बसवावी आणि उंबऱ्याच्या कडेला गडद पट्टी चिकटवावी. खर्च नगण्य आहे.

आता आधाराविषयी. टॉवेलची दांडी टॉवेलसाठी असते आणि बेसिन तोंड धुण्यासाठी. तोल जाताच मनुष्य नेमका त्यांनाच धरतो आणि ती भिंतीतून सुटून येतात. फुटलेल्या बेसिनच्या जखमा आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्या विसरता येत नाहीत. आधाराची दांडी पोलादी, मुठीत नीट मावणारी, बाहेरून खडबडीत आणि भिंतीपासून दीड-दोन इंच सुटी असावी. ती विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत धातूच्या अँकर बोल्टने बसवावी आणि घरातील सर्वांत वजनदार माणसाने तिला लोंबकळून पाहावे. एक दांडी कमोडच्या बाजूला, एक आंघोळीच्या जागी आणि एक उभी दांडी दारापाशी, इतके पुरते. चिकटवण्याच्या, हवेच्या दाबावर टिकणाऱ्या दांड्या कृपया घेऊ नयेत.

खुब्याचा सांधा बदलल्यानंतर पहिले सहा ते बारा आठवडे मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि कमरेत काटकोनापेक्षा अधिक वाकणे बहुतेक रुग्णांना वर्ज्य असते. त्यामुळे देशी संडास आणि पाटावर बसून आंघोळ, दोन्ही बंद. बसण्याची उंची जमिनीपासून सुमारे अठरा इंच हवी. कमोड बुटके असल्यास वर बसवावयाची उंच सीट मिळते. चाळीत राहणाऱ्या आणि सामाईक संडास वापरणाऱ्या रुग्णांसाठी कमोडची खुर्ची हाच मार्ग आहे. ती आमच्या रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत रकमेवर दिली जाते आणि खुर्ची परत आली की रक्कम परत होते. आंघोळीसाठी रबरी बूट घातलेल्या पायांचे मजबूत स्टूल वापरावे. हलकी प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर पाय फाकवते.

इतके झाल्यावर, आणि रुग्ण सावरल्यावर, दुरुस्तीचा शांतपणे विचार करावा. त्या काळात रुग्ण कोठे राहणार, हे आधी ठरवावे. फरशी खडबडीत, मॅट पोताची घ्यावी; दुकानात तिच्यावर पाणी ओतून ओल्या तळव्याने घासून पाहण्यास संकोच करू नये. नहाणी ट्रॅपकडे बेताचा उतार असावा. ओली जागा आणि कोरडी जागा वेगळ्या कराव्यात आणि कमोड कोरड्या भागात ठेवावे. उंबरा काढून टाकता आला तर उत्तम. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत पडलेल्या माणसाचे शरीरच आत उघडणाऱ्या दाराला अडसर होते. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो, पण जुन्या इमारतींतील दारे जेमतेम तेवढीच असतात, म्हणून दार आधी मोजावे. जलरोधक थर झाल्यावर फरशी बसवण्यापूर्वी किमान दोन दिवस पाणी तुंबवून ठेवून खालच्या घराचे छत पाहावे. हे टाळले तर पुढे शेजाऱ्यांशी होणारा वाद न्हाणीघराहून महाग पडतो. आणि भिंती बुजवण्यापूर्वी नळांची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवावीत. दांड्यांसाठी छिद्रे पाडताना त्यांचे मोल कळते.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. आर्थिंग तपासून घ्यावे, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि दिवे तुषार सहन करणारे घ्यावेत. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात मुळीच बसवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि आत असलेल्या माणसाला दार उघडण्याचेही भान राहत नाही.

त्या आजींचे न्हाणीघर दुसऱ्यांदा फोडले गेले नाही. टाइल्सवर घसरणरोधक प्रक्रिया केली, तीन दांड्या बसवल्या, सीट निळी आणली आणि बटण बाहेर घेतले. आजी वॉकर घेऊन फेरतपासणीस आल्या तेव्हा त्यांची तक्रार एकच होती : रात्रभर दिवा जळत ठेवायचा म्हणजे बिल किती येणार? आमच्या भौतिकोपचार तज्ज्ञांनी त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. एक वॅटचा दिवा रोज दहा तास, महिन्याचे तीस दिवस; एकूण युनिटच्या एकतृतीयांशाहूनही कमी. आजींनी तो कागद स्वतःकडे घेतला आणि तसाच एक दिवा देवघरापाशीही बसवावयास मुलाला सांगितले.