खेळामुळे, खेळून आणि खेळासाठी : क्रीडाक्षेत्रातल्या नोकऱ्यांचा विचार



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे क्रीडाक्षेत्रातल्या नोकऱ्या आणि भरतीची बदलती दिशा. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यावर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आमच्या विषयाचं एक साधं काम असतं. एका शब्दाखाली दडलेल्या वेगवेगळ्या गोष्टी निवडून बाजूला ठेवायच्या, तांदूळ निवडतात तशा. ‘खेळात करिअर’ हा शब्द असाच निवडून घेण्यासारखा आहे. कारण या शब्दाच्या भरवशावर आज घरोघरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे निर्णय होतात. कुणी शाळा अर्धवट ठेवतं, कुणाचे वडील अकादमीच्या फीसाठी कर्ज काढतात. निर्णय करताना शब्दाचा अर्थ एक धरलेला असतो आणि पुढे वाट्याला येतो दुसराच.

माझ्या मते इथे तीन अर्थ आहेत. खेळामुळे मिळणारी नोकरी, खेळून मिळणारं उत्पन्न आणि खेळासाठी केलेली नोकरी. तिन्हींची भरती वेगळी, तयारी वेगळी, धोकेही वेगळे. आपण एकेक घेऊ.

पहिला प्रकार आपल्या सर्वांच्या ओळखीचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकून आले आणि १९५५ साली पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. सुनील गावसकर निर्लॉनमध्ये होते, अजित वाडेकर स्टेट बँकेत. मुंबईत टाइम्स शील्डचे सामने रंगायचे ते कंपन्यांच्या आणि बँकांच्या संघांमध्ये. खेळाडूने संस्थेसाठी खेळायचं, संस्थेने त्याला पगार, सरावाची सवलत आणि पुढे निवृत्तिवेतन द्यायचं, असा हा सरळ व्यवहार होता. धोनी खड्गपूरला रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत होता. २०२४ मध्ये त्याने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. म्हणजे पदकाआधीची नऊ वर्षं त्याच्या घरी दरमहा पगार येत होता. या नऊ वर्षांचं मोल पदकाइतकंच धरायला हवं.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण आता एक तार्किक अडचण बघा. भरती करणारा अधिकारी खेळ बघत नाही, तो प्रमाणपत्र बघतो. प्रमाणपत्र ही खेळाची खूण. मूळ वस्तूपेक्षा खुणेला जास्त भाव आला, की खुणा बनवणारे कारागीर तयार होतात! बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आली, ती याच कारणाने. त्यात ज्याने खरोखर घाम गाळला, त्याची जागा गेली. म्हणून प्रमाणपत्राच्या कडक पडताळणीबरोबर, जिथे शक्य आहे तिथे प्रत्यक्ष मैदानी चाचणीला वजन मिळायला हवं. रेल्वेच्या खेळाडू भरतीत अशी चाचणी असते.

आता दुसरा प्रकार, खेळणं हीच नोकरी. लोकांच्या डोळ्यांपुढे सध्या हाच आहे. २००८ साली आयपीएल आलं, २०१४ साली प्रो कबड्डी. कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची, राकेश कुमारवर. २०१८ मध्ये काही खेळाडूंनी कोटीचा आकडा ओलांडला. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. मला याचा आनंदच आहे. ज्या खेळाला गावच्या मैदानात चुन्याच्या रेषांपलीकडे काही मिळत नव्हतं, त्याला मान आला.

पण आकडे नीट वाचायला शिकलं पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच लिलावासाठी नावं नोंदवली होती १,५७४ खेळाडूंनी. अंतिम यादीत आले ५७४. विकले गेले १८२. म्हणजे साधारण नवातला एक. आणि हे १,५७४ कोण? गल्लीत खेळणारी मुलं नव्हेत, बहुतेक जण आधीच वरच्या पातळीवर पोचलेले. तिथवर पोचण्याआधी किती जण गळाले, त्याची मोजणी कुणी करत नाही. आपण जिंकलेल्याची गोष्ट ऐकतो आणि तिलाच वाट समजतो. तर्कशास्त्रात हा जुना दोष आहे. उरलेल्यांकडे बघून निष्कर्ष काढायचा आणि गळालेल्यांना विसरायचं.

मग गळालेल्यांनी खेळ सोडायचा का? मुळीच नाही. इथे तिसरा प्रकार येतो, खेळासाठी केलेली नोकरी. भारतीय क्रिकेट संघाबरोबर राघवेंद्र नावाचा एक माणूस असतो, कर्नाटकातल्या कुमठ्याचा. हातात साइडआर्म नावाचं लांब दांड्याचं साधन घेऊन तो फलंदाजांना वेगवान चेंडू टाकतो, सरावासाठी. विराट कोहलीने त्याला जाहीरपणे श्रेय दिलेलं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हे काम कुठल्याही संघाच्या यादीत नव्हतं. दुसरं उदाहरण आपल्याकडचं. वृंदा राठी मुंबईत आधी स्कोअरर होत्या, २०१३ च्या महिला विश्वचषकात त्यांनी धावफलक लिहिला. पुढे त्या पंच झाल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये रणजी सामन्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला पंचांपैकी एक ठरल्या. धावा लिहिता लिहिता नियमांवर पकड बसली, तीच पुढे कामाला आली.

फिजिओथेरपिस्ट, व्यायाम प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, सामन्याच्या चित्रफितींचं विश्लेषण करणारा, खेळपट्टी तयार करणारा, समालोचक, शाळेतला क्रीडाशिक्षक, जलतरण तलावावरचा जीवरक्षक अशी ही यादी लांबते. जालंधर आणि मेरठचे खेळसाहित्याचे कारखानेही त्यातच. एका खेळाडूला मैदानात उभं करायला अनेक हात लागतात, आणि खेळात पैसा वाढला की हे हात वाढतात. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढी रक्कम मोजणाऱ्याला कॅमेरा, भाषा, आकडेवारी या सगळ्यांसाठी माणसं लागतातच. आज तर मराठीतूनही समालोचन होतं.

मात्र या प्रकाराचेही दोन दोष सांगितले पाहिजेत. पहिला अस्थैर्याचा. कामं बरीचशी हंगामी कराराची. लीग दोन महिन्यांची, पोट बारा महिन्यांचं! शिवाय पैसा कुठून येतो, त्यावर नोकरी टिकते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि ड्रीम ११ सारख्या कंपनीला पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. कायदा योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण एका कायद्याने अख्खा उद्योग हलू शकतो, हे तरुणांनी ध्यानात ठेवावं.

दुसरा दोष भरतीच्या पद्धतीचा. सरकारी जागेची जाहिरात तरी निघते. इथल्या पुष्कळ जागा ओळखीतून भरल्या जातात. ‘कुणी चांगला मुलगा आहे का?’ असा फोन होतो आणि काम होतं. ‘मुलगा’ हाच शब्द वापरला जातो, हेही लक्षात घ्या. ज्याचा कुणाशी परिचय नाही, जी मुलगी तालुक्याच्या गावी आहे, तिच्यापर्यंत हा फोन पोचत नाही. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या क्षेत्रात दाराशीच गुणवत्ता विचारली जात नसेल, तर तो न्यायाचा प्रश्न आहे. संघ आणि संघटनांनी अशा जागा जाहीर कराव्यात, चाचणी घ्यावी, आणि प्रशिक्षक व मैदान-कर्मचारी यांना वर्षभराचा करार द्यावा. एवढी मागणी तरी आपण प्रेक्षक म्हणून करू शकतो. शेवटी तिकीट आपणच काढतो.

पालकांनी आणि मुलांनी कुठल्याही अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असं मी सुचवेन. हे प्रमाणपत्र कोण मानतं, त्या संस्थेचं नाव काय? इथून शिकून गेलेले किती जण आज त्याच कामावर आहेत, त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? हंगाम संपल्यावर उरलेले महिने काय करायचं? आणि हे कौशल्य खेळाबाहेरही चालेल का? फिजिओथेरपिस्टला रुग्णालय आहे, आकडेवारीच्या जाणकाराला बँक आहे. ज्या कामाला बाहेर दार नाही, तिथे पाऊल जपून टाकावं. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ चं. अशा जुन्या, पारखलेल्या वाटा आधी बघाव्यात, मग चकचकीत जाहिराती.

एक शेवटचा मुद्दा. नोकरी आपण कशासाठी तरी करतो. खेळ आपण खेळण्यासाठीच खेळतो. पहिल्या प्रकारात खेळाचं प्रमाणपत्र होतं, दुसऱ्यात खेळाडूची किंमत होते. तिसऱ्या प्रकारात माणूस स्वतः मैदानाबाहेर उभा राहतो आणि दुसऱ्याचं खेळणं शक्य करतो. त्याचं नाव लिलावात पुकारलं जात नाही. पण खेळावर प्रेम असलेल्या, आणि आपण वरच्या संघात जाणार नाही हे कळलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सन्मानाने जगण्याची जागा बहुधा इथेच आहे. ‘खेळाडू झाला नाही, म्हणून हे करतो’ असं आपण त्यांच्याबद्दल बोलतो. ते बोलणं आधी थांबवूया.

इथे थांबतो. आपले प्रश्न अवश्य विचारा.