मस्टँग, मिनीव्हॅन आणि मिरवणं

17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग लोकांपुढे आणली. लांब बोनेट, आखूड डिकी, किंमत 2,368 डॉलर. आतला सगळा संसार फाल्कन या साध्यासुध्या गाडीचा होता. नवं होतं ते रूप. तरी पहिल्याच दिवशी सुमारे 22 हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि दोन वर्षांत दहा लाख गाड्या खपल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी नुकती कमावती होत होती. मागच्या सीटवर पाय आखडून बसावं लागतं, याची तिला फिकीर नव्हती.

या गाडीमागे फोर्डमधली ली आयकोका आणि हॅल स्परलिक ही जोडी होती. पुढे त्याच पिढीच्या घरात पोरंबाळं आली, तेव्हा छोट्या व्हॅनचा आग्रह धरणारेही हेच दोघं. कंपनीचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरे यांना ती कल्पना पटली नाही. आधी स्परलिक, मग 1978 मध्ये आयकोका यांना फोर्डमधून काढण्यात आलं आणि डबघाईला आलेल्या क्रायस्लरमध्ये दोघं पुन्हा एकत्र आले. सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, म्हणून ती कंपनी तगली होती.

नोव्हेंबर 1983 मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून क्रायस्लरची पहिली मिनीव्हॅन बाहेर पडली. युक्ती जुनीच: कंपनीच्या चालू के-कारच्या पायावर नवी गाडी उभी करायची. इंजिन पुढची चाकं फिरवत असल्याने मागे जाणारा शाफ्ट उरला नाही, तळ सपाट आणि खाली आला. एका बाजूला सरकता दरवाजा, आणि उंची घरच्या गॅरेजात मावेल एवढीच. ताकद मात्र जेमतेम शंभर अश्वशक्ती.

आज ताकदीचं पारडं फिरलं आहे. साठच्या दशकातल्या जोरकस 289 घनइंची इंजिनाच्या मस्टँगची ताकद 271 अश्वशक्ती सांगत, तीही इंजिनावर सायलेन्सर वगैरेंचा भार न घालता मोजलेली. क्रायस्लर पॅसिफिका या व्हॅनची 287 अश्वशक्ती सगळा भार धरून आहे. त्या मस्टँगपेक्षा अर्ध्या टनाहून अधिक जड असूनही ती तिच्या तोडीने पळते, शिवाय सात माणसं आणि एअरबॅगा घेऊन.

आकड्यांत जिंकलेली व्हॅन बाजारात मात्र हरली. 2000 च्या सुमारास अमेरिकेत तिचा खप शिखरावर होता. मग तिच्यावर 'पोरांना मैदानावर सोडणाऱ्या आईची गाडी' हा शिक्का बसला आणि कुटुंबं एसयूव्हीकडे वळली. त्यातल्या बऱ्याचशा गाड्या म्हणजे साध्या कारच्याच पायावर चढवलेला रांगडा थाट. चढायला उंच, सामानाला अडचणीच्या, पण दारात उभ्या शोभणाऱ्या. 2019 मध्ये फोर्डने विजेवर चालणाऱ्या कौटुंबिक एसयूव्हीलाच मस्टँगचं नाव दिलं.

घरात पोरं असली तरी गाडीने आपल्याला संसारी म्हणून ओळखू नये, ही ग्राहकाची हौस. 1964 मध्ये आयकोकांनी तिच्यावरच गाडी विकली होती. व्हॅनमध्ये त्यांनी सगळ्यांसाठी जागा केली, फक्त या हौसेसाठी ठेवली नाही.