पहिल्या तबकडीचा वाढदिवस

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या जगात एक प्रथा आता चांगलीच रुजली आहे. एखाद्या वाद्यवृंदाच्या पहिल्या अल्बमला पंचवीस किंवा पन्नास वर्षे झाली, की तो वृंद पुन्हा रंगमंचावर येतो आणि त्या अल्बममधील गाणी, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मूळच्याच क्रमाने वाजवितो. प्रकाशक कंपनी तोच अल्बम नव्या वेष्टनात पुन्हा काढते. श्रोतृवर्गात तारुण्यात ती गाणी ऐकलेली माणसे असतात, तशीच त्यांची मुलेही असतात. आपल्याकडेही मुंबईच्या 'रॉक मशीन'चा पहिला अल्बम १९८८ साली आणि दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चा १९९३ साली निघाला. म्हणजे असे वाढदिवस साजरे करण्याइतके वय भारतीय रॉक संगीतालाही प्राप्त झाले आहे.

हीच कल्पना हुबळी-धारवाडच्या भूमीवर नेऊन पाहिली, तर मोठी मौज होते. या जोडशहराची कीर्ती आहे ती ख्यालगायनाची. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू ही नावे याच परिसरातील. भीमसेन जोशी यांचा जन्म तत्कालीन धारवाड जिल्ह्यातील रोण येथला. या मंडळींनाही 'पहिली तबकडी' होतीच. मात्र तिचा वाढदिवस साजरा करावयाचा म्हटले, तर नेमके काय साजरे करावयाचे, हा प्रश्न रॉक वृंदापेक्षा येथे फार निराळ्या रीतीने उभा राहतो.

प्रथम 'अल्बम' या शब्दाचा उलगडा करावयास हवा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे, बारा इंचीवर चार मिनिटांहून थोडे अधिक. मोठी रचना द्यावयाची तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधीव पुस्तकातील पाकिटांत घालून विकल्या जात. या पुस्तकामुळे 'अल्बम' हे नाव पडले. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणली; एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले, पुस्तक गेले आणि नाव तेवढे राहिले. तेव्हा हुबळी-धारवाडच्या गायकांच्या आरंभीच्या काळात अल्बम असा नव्हताच. होती ती एक तबकडी, तिच्या दोन बाजू आणि प्रत्येक बाजूस तीन मिनिटे.

या तीन मिनिटांची अट किती कठोर होती, याची कल्पना आज सहजासहजी येणार नाही. बैठकीत गायक एकच राग तासभर मांडतो. षड्ज लावून तो स्वस्थ बसतो, एकेका स्वराने राग उलगडत नेतो, आणि श्रोत्यांची दाद मिळत गेली की गाणे आणखी फुलते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत यांपैकी काहीच नसे. समोर श्रोता नाही, दाद नाही; असे ते मऊ मेणाची जाड चकती आणि तिच्यावर चर कोरणारी सुई. चुकलेला भाग कापून दुसरा जोडण्याची सोय नव्हती. ती ध्वनिफितीबरोबर पुढे आली. तान घसरली तर मेण वाया गेले, गाणे पुन्हा आरंभापासून. म्हणून विलंबित ख्यालाला बहुधा फाटा मिळे. मध्य किंवा द्रुत लयीतील बंदिश, पहिल्या ओळीतच रागाचे स्वरूप उभे करण्याचे कसब, चार-सहा आखीव ताना आणि वेळेवर समेवर येणे, एवढ्यात सर्व उरकावे लागे. काही जाणकारांनी या तबकड्यांना गाण्याचा नमुना म्हणून हिणविले. हे म्हणणे पुरते न्यायाचे नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकल्या म्हणजे तीन मिनिटांतही संपूर्ण समाधान कसे देता येते, हे उमगते. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी कानी पडल्यामुळेच गाण्याने झपाटलेल्या भीमसेन नावाच्या मुलाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. नमुना म्हणावा, तर इतके सामर्थ्य असलेला नमुना विरळाच.

घाईत केलेले काम टिकत नाही, हा समज रॉक संगीतानेही खोटा पाडला आहे. बीटल्स या चौघांचा पहिला अल्बम 'प्लीज प्लीज मी' २२ मार्च १९६३ रोजी निघाला. त्यातील चौदांपैकी दहा गाणी त्याच वर्षी ११ फेब्रुवारीच्या एका दिवसात मुद्रित झाली होती.

परंतु खरा भेद पुढेच आहे. रॉक वृंद जेव्हा आपला पहिला अल्बम पुन्हा वाजवितो, तेव्हा श्रोत्यांची अपेक्षा असते ती तेच गाणे तसेच ऐकण्याची. ख्यालगायकाकडून अशी अपेक्षा करता येत नाही. तोच राग, तीच बंदिश, पण आजचे गाणे कालच्यासारखे होत नाही, आणि तसे ते होऊही नये. त्यामुळे ख्यालगायकाची पहिली तबकडी पुन्हा 'वाजविता' येत नाही, ती फक्त पुन्हा ऐकता येते. आणि ऐकताना कित्येकदा असे आढळते, की तीवर भेटणारा गायक आपल्या परिचयाचा नाहीच.

याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण गंगूबाई हनगल यांचे. ५ मार्च १९१३ रोजी धारवाड येथे त्यांचा जन्म झाला. आई अंबाबाई कर्नाटक संगीतातील जाणकार गायिका. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात, महात्मा गांधींच्या उपस्थितीत, या मुलीने स्वागतगीत गायिले. पुढे कुटुंब हुबळीस आले, आणि १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने तिच्या तबकड्या काढल्या. त्यांवर 'गांधारी' हे तिचे मूळ नाव येते. जी. एन. जोशी यांच्यासमवेत तिने भावगीतेही गायिली. या तबकड्यांवरील आवाज बारीक, उंच, कोवळा आहे. ज्यांनी गंगूबाईंना पुढील काळात ऐकले, त्यांना तो ओळखू येणे कठीण. कारण घशाच्या विकारानंतर व त्यावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज पालटला. तो खाली उतरला, रुंद झाला, पुरुषी म्हणावा इतका भारदस्त झाला. दुसरी एखादी गायिका तेथेच थांबली असती. गंगूबाईंनी त्या आवाजासाठी गाणे नव्याने घडविले. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जात, आणि एकेक स्वर तोलून लावण्याची किराणा घराण्याची रीत त्या भरीव आवाजाला अशी काही शोभली, की तीच त्यांची ओळख ठरली. मूळचा आवाज मात्र गेला तो गेलाच. तो आज कोठे असेल, तर त्या लाखेच्या चकत्यांवर. त्यांच्या पहिल्या तबकडीचा वाढदिवस हा अशा रीतीने एका हरवलेल्या आवाजाचा स्मृतिदिन होतो.

तबकडीवरील नावाचीही एक कथा आहे. पुरुष गायक मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित. केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात, असा टोला गंगूबाईंनी पुढे मारला होता. २००२ साली पद्मविभूषण मिळालेल्या या गायिकेने तो मारला, तेव्हा त्यात कडवटपणापेक्षा मिस्किलपणाच अधिक होता.

मल्लिकार्जुन मन्सूर यांची गोष्ट आवाजाची नव्हे, घराण्याची आहे. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा हा मुलगा नाटकमंडळीतून गाण्याकडे वळला आणि मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकला. त्यांच्या आरंभीच्या तबकड्यांत गौड मल्हार आणि अडाणा हे राग आढळतात. त्यानंतर त्यांना अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांची तालीम मिळाली, १९३७ साली मंजी खाँ निवर्तल्यावर भूर्जी खाँ यांची मिळाली, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गायक म्हणून ते जगाला ठाऊक झाले. अनवट व जोडराग म्हटले की मन्सूर, असे समीकरण मागाहून बसले. पहिल्या तबकड्यांतील तरुण मन्सूर त्या समीकरणाच्या अलीकडचे आहेत. हिज मास्टर्स व्हॉइसमध्ये संगीतदिग्दर्शक आणि पुढे धारवाड आकाशवाणीचे संगीत सल्लागार अशी कामेही त्यांनी केली. ते केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले होते.

भीमसेन जोशी यांचा पहिला जाहीर कार्यक्रम १९४१ सालचा. दुसऱ्याच वर्षी, त्यांच्या विसाव्या वर्षी, भक्तिगीतांची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांची जन्मशताब्दी २०२२ साली झाली, तेव्हा त्या ध्वनिमुद्रिकेसही ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. शताब्दीच्या थाटामाटात हा दुसरा योग झाकलाच गेला.

वाढदिवसाला कायद्याच्या दृष्टीनेही एक अर्थ आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरील प्रकाशकाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. या सर्व तबकड्यांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. रॉक वृंदाचा पन्नासावा वाढदिवस कंपनी साजरा करते, कारण तिचा हक्क अजून जिवंत असतो. लाखेच्या तबकडीचा ऐंशीवा किंवा नव्वदावा वाढदिवस साजरा करणे हे संग्राहकांच्या आणि रसिकांच्याच हाती उरते. त्यात अडचण एवढीच, की जन्मतारीख सापडत नाही. जुन्या तबकडीवर गायकाचे नाव असे, रागाचे असे, कंपनीचा अनुक्रमांक असे. सालाचा मात्र सहसा पत्ता नसे. मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला साच्याचा बारीक क्रमांक भिंगाखाली वाचून, त्याच्या मागचे-पुढचे क्रमांक जुळवून संग्राहक मंडळी साल ठरवितात, आणि पुष्कळदा त्यांचे एकमत होत नाही. लाख ठिसूळ असते. हातातून सुटलेली तबकडी फुटते आणि लोखंडी सुईने प्रत्येक वेळी थोडी झिजतेही. म्हणून साल निश्चित होईपर्यंत थांबण्यापेक्षा, हुबळी-धारवाडच्या जुन्या घरांत ज्या तबकड्या अजून शिल्लक असतील, त्यांतील आवाज आधी उतरवून घेणे हे अधिक निकडीचे काम आहे.