साठीच्या मावशींसाठी रोजचा मेकअप: चार वस्तूंची पेटी कशी निवडायची?



कॉस्मेटिकचा छोटा व्यवसाय सुरू करायचाय असं कुणी म्हणालं, की मी पहिला प्रश्न विचारते: गिऱ्हाईक कोण? उत्तर ठरलेलं असतं. कॉलेजच्या मुली आणि नवऱ्या मुली.

आता भोर आणि वेल्ह्याकडे बघा. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बोलताना आपण अजून वेल्हंच म्हणतो.) कॉलेजच्या मुली पुण्याला जातात, तुळशीबागेत खरेदी करतात, नाहीतर मोबाईलवरून मागवतात. त्यांच्यासाठी तुम्ही कितीही माल भरला तरी स्पर्धा पुण्याशी आहे. मग गावात दिवसभर कोण असतं? पंचावन्न-साठीच्या पुढच्या मावशी, काकू, आक्का. त्यांच्यासमोर बसून "तुम्हाला काय शोभेल ते बघू या" असं म्हणणारं कुणी नाही. दुकानदार त्यांना विचारतो, "लेकीसाठी पाहिजे का सुनेसाठी?"

हे गिऱ्हाईक मोकळं आहे. पण त्याला माल विकायची पद्धत वेगळी आहे, ती आज नीट समजून घेऊ.

आधी ऐका, मग डबा उघडा

मावशींना मेकअप म्हटलं की पहिलं उत्तर येतं, "या वयात कसलं नटायचं? लोक हसतील." हे ऐकून बॅग बंद करू नका. त्यांना नको असतं ते नटणं. नीटनेटकं दिसणं हवंच असतं. बचत गटाची मीटिंग, बँकेतलं काम, नातवाच्या शाळेतला कार्यक्रम, गावची जत्रा, लग्नकार्य, अशा वेळी आपण थकलेले, ओढलेले दिसू नये एवढीच इच्छा असते. म्हणून "तरुण दिसाल" हे वाक्य तुमच्या बोलण्यातून काढून टाका. ते खोटंही आहे आणि मावशींना ते आवडतही नाही.

त्याऐवजी विचारा: "मावशी, सकाळी आवरायला किती वेळ मिळतो?"

"कसला येळ बाई? म्हसरं सोडायची का तोंड रंगवत बसायचं?"

झालं, उत्तर मिळालं. यांना तीन मिनिटांत होणारं, आरशाशिवायही जमणारं आणि भाताच्या लावणीत पावसानं ओघळणार नाही असं काहीतरी हवंय. वीस रंगांची पेटी यांच्या कामाची नाही.

वय झालं की त्वचेत काय बदलतं?

हे समजलं नाही तर चुकीचा माल जाईल. पाळी बंद झाल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेल कमी सुटतं. त्यात आपल्याकडे उन्हातलं काम, चुलीचा धूर आणि हिवाळ्यातलं कोरडं वारं. यातून तीन गोष्टी निघतात.

एक, पावडर सुरकुत्यांत साचते आणि तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसतं. दोन, मॅट लिपस्टिक ओठांच्या चिरांत अडकते आणि कडेनं बाहेर पसरते. तीन, पातळ त्वचेला रसायनांचा त्रास लवकर होऊ शकतो. म्हणून नियम सोपा ठेवा: आधी ओलावा, मग रंग, आणि रंग थोडाच.

चार वस्तूंची पेटी

आपल्या आज्यांकडे फणेरपेटी असायची. आत आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. कपाळाला आधी मेण, वर कुंकू. संपला शृंगार! मोजक्या वस्तू, प्रत्येकीला काम. तुमची पेटीही अशीच ठेवा.

१. मॉइश्चरायझर. वास कमी असलेला, साधा. अंघोळीनंतर त्वचा थोडी ओलसर असतानाच लावायला सांगा, तेव्हा तो जास्त उपयोगी पडतो. ज्या मावशी दिवसभर शेतात असतात त्यांना एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन सुचवा. ते लावून चेहरा पांढरा पडत नाही ना, हे आधी हातावर बघा.

२. ओठांसाठी रंगीत लिप बाम किंवा मऊ, क्रीमी लिपस्टिक. रंग डाळिंबी, विटकरी किंवा तपकिरी गुलाबी. सावळ्या रंगावर फिकट बेबी पिंक राखाडी दिसतो, तो टाळा. लेक पुण्याहून गडद लिपस्टिक आणते आणि ती कपाटात पडून राहते, कारण ती लेकीच्या पसंतीची असते. लिपस्टिक कांडीनं थेट न लावता बोटानं टिपायला शिकवा. रंग निम्मा होतो आणि "लई भडक झालं" ही तक्रार येत नाही.

३. भुवईची पेन्सिल किंवा काजळ, दोन्हीपैकी एक. वयानुसार भुवया विरळ होतात. काळ्या पेन्सिलनं रेघ ओढली तर चेहरा रागीट दिसतो, म्हणून गडद तपकिरी घ्या आणि मधल्या जागाच भरा. हात थरथरत असेल तर काजळाचा आग्रह नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, हे जरूर विचारा. झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डोळ्याला काही लावायचं नाही. सुटा सुरमा तर ठेवूच नका, त्यात शिसं असू शकतं.

४. कपाळासाठी कुंकू किंवा टिकली. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय का, हे बघा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल या रसायनामुळे त्वचेचा रंग जातो. असा डाग दिसला तर टिकली थांबवायला आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. त्या मावशींना दुसऱ्या कंपनीची टिकली विकू नका. एका टिकलीच्या पाकिटाचे पैसे जातील, पण मावशी तुम्हाला विसरणार नाहीत.

आणि पेटीबाहेरची एक पाचवी वस्तू बॅगेत ठेवाच: टाचांच्या भेगांचं मलम. हा मेकअप नाही. पण चिखलात काम करणाऱ्या बाईचं पहिलं दुखणं तेच असतं. बोलणं तिथून सुरू होतं, चेहऱ्यापर्यंत नंतर येतं.

कपाळाचा प्रश्न

हा भाग नीट वाचा. साठीच्या पुढच्या गिऱ्हाइकांत बऱ्याच जणींचे पती हयात नसतात. अशा वेळी विक्रेत्या दोन चुका करतात. एक तर न विचारता कुंकू पुढे करतात आणि समोरची बाई अवघडते. नाहीतर गळ्याकडे बघून कुंकवाची डबी गुपचूप मागे सारतात. दुसरी चूक जास्त लागते, कारण तुम्ही न बोलता त्यांना वेगळ्या रांगेत बसवता.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कागदावर झालं, पण मनात यायला वेळ लागतो. भाऊबंद काय म्हणतील, सून काय म्हणेल, ही भीती खरी असते.

मग तुम्ही काय करायचं? सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा: "मावशी, तुम्ही कपाळाला काय लावता?" सवाष्ण असो वा नसो, प्रश्न तोच, आवाज तोच. कुणी म्हणेल कुंकू, कुणी काळी टिकली, कुणी अष्टगंध, कुणी म्हणेल काही नाही. जे उत्तर येईल ते घ्यायचं आणि पुढं जायचं. "आता लावायला हरकत नाही हो" असा उपदेश चारचौघींत करू नका. त्यांना लावायचं असेल तर डबी समोर आहेच, उचलायची की नाही ते त्या ठरवतील. आणि कपाळ मोकळं ठेवणाऱ्या मावशींनाही कोरड्या ओठांना बाम लागतोच. त्यांची पेटी तीन वस्तूंची करा, किंमतही तेवढी कमी लावा.

काय विकायचं नाही

गोरं करणारी, नाव-पत्ता नसलेली क्रीम. ही सगळ्यात जास्त मागितली जाईल आणि हिच्यावर मार्जिनही जास्त मिळेल. तरीही नाही. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा आजार झाला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या क्रीममध्ये प्रमाणाबाहेर पारा सापडला. ही बातमी २०२३ मध्ये सगळीकडे आली होती. नियमानुसार डोळ्यांची सौंदर्यप्रसाधनं सोडून बाकीच्यांत चुकून आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

माल घेताना लेबल वाचा: उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक, वापरायची शेवटची तारीख. यातलं एक जरी नसेल तर माल परत. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत ठोक भावात माल मिळतो, पण पक्कं बिल मागाच. बिल नसेल तर उद्या तक्रार आल्यावर तुमच्या हातात काहीच नसतं.

"मी घरीच काजळ आणि लिप बाम बनवून विकू का?" असंही बऱ्याच जणी विचारतात. कायद्यानं सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला उत्पादन परवाना लागतो, मग ती घरगुती असोत वा आयुर्वेदिक म्हणून विकलेली. परवानाधारक कंपनीचा तयार माल विकायला मात्र सौंदर्यप्रसाधनांचा वेगळा विक्री परवाना लागत नाही. सुरुवात तिथून करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

दाखवायचं कसं?

ओटीवर, दिवसाच्या उजेडात बसा. ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो. मोठा आरसा न्या, शक्य असेल तर मोठं दाखवणारा, कारण चष्मा काढल्यावर मावशींना स्वतःचा चेहराच नीट दिसत नाही. सॅम्पल कधीही थेट ओठाला नको. प्रत्येकीसाठी नवी कापसाची काडी वापरा.

पहिल्या भेटीत कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून या आणि म्हणा, "दोन दिवस बघा. खाज नाही, लाली नाही, तर मी परत येते." पहिल्या दिवशी विक्री झाली नाही तरी चालेल. जी बाई माल न विकता परत जाते आणि ठरल्या दिवशी येते, तिच्यावर गाव विश्वास ठेवतं.

हिशोब

आता आकड्यांवर येऊ. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारभावानं बदला. समजा चार वस्तूंची खरेदी २७० रुपये आणि छापील किंमत मिळून ३४० रुपये. एका पेटीमागे ७० रुपये सुटतात. दहा पेट्यांना भांडवल २,७०० आणि नफा ७००. यातून जाण्या-येण्याचा खर्च आणि सॅम्पलचा खर्च वजा करा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. तरी पहिल्या महिन्यात हातात फार उरणार नाही.

मग यात पैसा कुठं आहे? पैसा परत येणाऱ्या गिऱ्हाइकात आहे. मॉइश्चरायझर दीड-दोन महिन्यांत संपतो, लिपस्टिक वर्षभर पुरते. म्हणून वहीत प्रत्येकीच्या नावापुढे लिहा: काय घेतलं, कधी घेतलं, काय चालत नाही. तारीख जवळ आली की स्वतः जा. उधारीबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला: "मावशी, मी छोटी आहे, उधार झेपत नाही. पेटी एकदम नको, एक एक वस्तू घ्या." छापील किंमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका.

या आठवड्याचं काम

माल आणायच्या आधी पाच मावशींकडे रिकाम्या हातानं जा. तीनच प्रश्न विचारा. आवरायला किती वेळ मिळतो? चेहऱ्याला आणि कपाळाला आत्ता काय लावता? कशाचा त्रास झालाय का? उत्तरं वहीत लिहा, आणि खरेदीची यादी त्या वहीवरूनच करा.

सुरुवात आपल्या आईपासून केली तरी चालेल. तिला हे प्रश्न आजवर कुणी विचारले नसतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही सुरू करा.