जुन्या पिकअपचे अडखळणारे आयडलिंग

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी वडोदरा शहरात शिरले. अशा पाण्यात राहिलेल्या जुन्या डिझेल पिकअपचे इंजिन आयडलिंगला हादरत असल्यास दोषाचा शोध क्रमाने घ्यावा.

एअर क्लीनर भिजला असल्यास इंजिन सुरूच करू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याचा संभव असतो. क्लीनर कोरडा असल्यास डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करावा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते प्रथम बाहेर पडते. त्यानंतर हातपंप मारून नळीतील हवेचे बुडबुडे पूर्णपणे काढावेत.

तरीही हादरे राहिल्यास, यांत्रिक इंजेक्शन पंपाच्या इंजिनात कुशल मेकॅनिककडून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट क्षणभर सैल करवून पाहावा. ज्या नटाने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, त्या सिलिंडरात दोष आहे असे समजावे. डिझेलचा फवारा कातडीत घुसू शकतो. हात दूर ठेवावेत. कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग वर्ज्य आहे.

आयडलिंगचा स्क्रू फिरवून वेग वाढविल्याने दोष केवळ झाकला जातो. पाणीमिश्रित डिझेलावर गाडी चालत राहिल्यास पंप व नोझल गंजतात आणि फिल्टरच्या किरकोळ कामाऐवजी पंपदुरुस्तीचा मोठा खर्च मालकावर येतो.