न बोलणारे मूल आणि त्याचे वागणे : वाचोपचार व वर्तनसाहाय्य विभागाविषयी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, डायलिसिस, नेत्रशिबिरे यांची माहिती दरवर्षी सविस्तर प्रसिद्ध होते. वाचोपचार विभागाचा उल्लेख मात्र बाह्यरुग्ण तक्त्यातील एका ओळीत आटोपतो, आणि जमाखर्चात त्याची तूट तेवढी डोळ्यांत भरते. ही तूट कशापायी सोसावयाची, असा प्रश्न काही विश्वस्तांनी व देणगीदारांनी उपस्थित केला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ आकड्यांतून मिळणारे नाही, म्हणून या विभागात नेमके काय चालते ते येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

विभागात येणाऱ्या बहुतेक पालकांची तक्रार एकाच वाक्यात असते : "मूल बोलत नाही." परंतु या एका वाक्यामागे कारणे अनेक असतात. ऐकू न येणे, स्वमग्नता, बौद्धिक विकासातील विलंब, सेरेब्रल पाल्सी, दुभंगलेला टाळू, किंवा अन्य सर्व वाढ व्यवस्थित असूनही केवळ भाषा मागे राहणे. म्हणून प्रथम तपासणी कानांची होते. भांडे वाजविल्यावर मूल वळून पाहते, तेव्हा त्याला ऐकू येते, अशी घरच्यांची खात्री असते. पण मोठा आवाज ऐकू येणे वेगळे आणि बोलण्यातील 'स' किंवा 'त' ऐकू येणे वेगळे. बेरा चाचणीत मूल झोपलेले असताना कानापासून मेंदूपर्यंत ध्वनी पोहोचतो की नाही, हे यंत्राने तपासता येते. त्यासाठी मुलाने उत्तर देण्याची आवश्यकता नसते. जन्मानंतर एका महिन्याच्या आत श्रवणाची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारास प्रारंभ, हा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. आमच्याकडे मुले येतात ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

हा विलंब का होतो, याची कारणे आपल्या घराघरांत आहेत. "मुलगे उशिराच बोलतात", "याचे वडीलही पाच वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते", "जीभ जड आहे, मधात वेखंड उगाळून चाटवा", ही वाक्ये आमच्या नोंदणीखिडकीवरही नित्य ऐकू येतात. वेखंडाने वाचा येत नाही, आणि जिभेखालच्या पडद्यामुळे उच्चारात थोडा दोष राहू शकला तरी मूल मुके राहत नाही. साधारणतः वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत "आई पाणी", "बाबा गेले" अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा हाक मारल्यावर पाहत नसेल, तर वाट पाहू नये. घरी मराठी व शाळेत इंग्रजी म्हणून मूल गोंधळले, असे सांगून घरची मराठी बंद करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तोही निराधार आहे. आईला जी भाषा सहज येते, त्याच भाषेत तिने मुलाशी बोलावे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील गाणी मात्र संभाषणाची जागा घेऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एका वर्षाच्या मुलास पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तास ही कमाल मर्यादा आहे.

आता वर्तनाविषयी. वाचोपचार आणि वर्तनसाहाय्य ही दोन कामे एकाच छताखाली का, असे विचारले जाते. ज्या मुलाला "नको" म्हणता येत नाही, ते ताट भिरकावते. ज्याला "पुरे" म्हणता येत नाही, ते चावते, स्वतःचे डोके भिंतीवर आपटते. नातेवाईक त्याला हट्टी म्हणतात, शेजारी आईच्या वळण लावण्याला नावे ठेवतात, आणि शाळा प्रवेश नाकारते. आमच्याकडे अशा मुलाच्या पालकांस पहिल्या आठवड्यात औषध किंवा शिक्षा यांविषयी काहीच सांगितले जात नाही. हाती एक वही दिली जाते. त्यात तीन रकाने असतात : आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि नंतर घरच्यांनी काय केले. आठवडाभराच्या नोंदी वाचल्या की बरेचसे उलगडते. चार वर्षांच्या एका मुलाच्या वहीत असे दिसले की, त्याचा आकांत जवळजवळ प्रत्येक वेळी कुकरची शिटी वाजल्यानंतर सुरू होई. घरच्यांच्या मते तो भुकेने रडत असे, म्हणून त्याला बिस्कीट मिळे. त्याला त्या आवाजाचा त्रास होत होता. शिटीपूर्वी त्याला आतल्या खोलीत नेणे आणि कानांवर हात ठेवून "नको" दर्शविणारी खूण शिकविणे, एवढाच उपाय योजण्यात आला.

वागण्यामागील हेतू बहुधा चारांपैकी एक असतो : हवी ती वस्तू मिळविणे, नको ते टाळणे, कोणाचे तरी लक्ष वेधणे, किंवा त्या क्रियेतूनच शरीरास मिळणारी संवेदना. हेतू कळला की तोच हेतू साधणारा दुसरा, निरुपद्रवी मार्ग शिकविता येतो. शब्द येत नसल्यास खूण, खूण येत नसल्यास चित्र. चित्र हाती देऊन वस्तू मागण्याची जी पद्धती आज जगभर वापरली जाते, ती अँडी बॉण्डी व लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात विकसित केली. आमच्या विभागात तिचे रूप अगदी घरगुती आहे : पाण्याचा तांब्या, पोळी, चप्पल, झोका यांची छायाचित्रे, तीही शक्यतो मुलाच्याच घरातील. चित्रांची सवय लागली तर मूल कधीच बोलणार नाही, ही आजी-आजोबांची भीती आम्ही समजू शकतो. अनुभव व संशोधन दोन्ही मात्र याच्या उलट आहेत. एक गोष्ट पालकांना आधीच बजावून ठेवावी लागते. आरडाओरड केल्याने वस्तू मिळणे बंद झाले की पहिले काही दिवस आरडाओरड वाढते. नेमके तेव्हाच घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती द्रवते आणि हवे ते देऊन टाकते. त्यातून मूल एवढेच शिकते की, अधिक मोठ्याने ओरडावे लागते. म्हणूनच मुलासोबत आईबरोबर घरातील आणखी एका व्यक्तीने यावे, असा आमचा आग्रह असतो. वडील आले तर अधिक उत्तम. ते क्वचित येतात.

खर्चाचे गणित असे आहे. या विभागास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो माणसाचा वेळ. एक तज्ज्ञ, एक मूल आणि पाऊण तास. यात घाई करून संख्या वाढविता येत नाही, आणि हा उपचार महिनोन्महिने, कधी काही वर्षे चालतो. तज्ज्ञाची पदवी अंतर्वासितेसह चार वर्षांची असून, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीसच आम्ही नेमतो. अशी माणसे मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. त्यांना येथे टिकवावयाचे तर वेतन त्या मानाने द्यावे लागते. दुसरीकडे, 2006 साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के व दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा राखून ठेवावयाच्या असतात. या विभागात खाटच नाही. येथील सवलतीचा भार म्हणून देणगीनिधीवरच येतो. शुल्क वाढविण्याचा पर्याय विश्वस्त मंडळापुढे होता. परंतु उपचार मध्येच सोडणाऱ्या कुटुंबांशी बोलल्यावर असे दिसते की, त्यांना आमच्या शुल्काहून एस.टी.चे भाडे आणि बुडणारी दिवसाची मजुरी जड जाते. त्यावर शुल्कही वाढले तर मुले येणारच नाहीत. तूट कागदावर कमी दिसेल, एवढेच.

कुटुंबांना ठाऊक नसलेल्या काही तरतुदी येथे नमूद करणे अगत्याचे आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील यादीत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने 21 प्रकार मान्य केले असून त्यांत स्वमग्नता, वाचा व भाषा दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून नियमित उपचारसत्रांच्या खर्चाचाही अंतर्भाव होतो. प्रमाणपत्राविना यांपैकी काहीच मिळत नाही. "मुलावर शिक्का बसेल" म्हणून अनेक पालक प्रमाणपत्र घेण्याचे टाळतात. त्यांची वेदना खरी आहे, पण प्रमाणपत्र घेतल्याने मुलाचे निदान बदलत नाही. शाळेत व परीक्षेत त्याला हक्काने मागता येणाऱ्या सवलती तेवढ्या हाती येतात. अर्ज भरण्यास आमच्या समाजसेवा कक्षातून विनामूल्य साहाय्य केले जाते.

या निधीस देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी पावतीवर 'वाचोपचार विभाग' असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. ती रक्कम सवलतीची सत्रे, पालकांचा प्रवासखर्च आणि श्रवणयंत्रांचे सेल व कानातील साचे यांवरच खर्च होईल. साचे मुलाच्या वाढीबरोबर वारंवार बदलावे लागतात. कान वाढत राहतो, साचा सैल होतो, यंत्र शिटी वाजवू लागते, आणि मग घरचे ते काढून कपाटात ठेवून देतात.