सहकार विकास कार्यक्रम (यूएसएड)

सहकार विकास कार्यक्रम हा विकसनशील देशांतील सहकारी संस्थांच्या उभारणीसाठी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने (यूएसएड) राबविलेला स्पर्धात्मक अनुदान कार्यक्रम होता. अनुदानासाठीची स्पर्धा विकसनशील देशांतील सहकारी संस्थांमध्ये नसून, त्यांना साहाय्य करणाऱ्या अमेरिकी सहकार विकास संस्थांमध्ये होत असे. निवड झालेल्या संस्था आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील दूध संघ, पतसंस्था, कृषी पणन संस्था आणि वीज सहकारी संस्थांना प्रशिक्षण, तांत्रिक सल्ला व कायदेविषयक मदत पुरवीत.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या १९६१ च्या परदेशी साहाय्य कायद्यात सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या दुरुस्तीमुळे सहकारी संस्था व पतसंस्थांच्या विकासास प्रोत्साहन देण्याचे धोरण समाविष्ट झाले. त्याच वर्षी यूएसएडची स्थापना झाली. १९६२ मध्ये अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने यूएसएडशी करार करून परदेशांत काम सुरू केले. पुढे बांगलादेशात १९७७ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण मंडळ स्थापन झाले आणि 'पल्ली विद्युत समिती' या नावाने ग्राहक-सभासदांच्या वीज संस्था उभ्या राहिल्या. त्या कामात या संघटनेचे तांत्रिक साहाय्य होते. भारतात १९६७ मध्ये नोंदणी झालेल्या इफ्को या खत सहकारी संस्थेच्या उभारणीतही अमेरिकी सहकारी संस्थांचा सहभाग होता.

२००० साली अमेरिकी काँग्रेसने परदेशांतील सहकार विकासास पाठबळ देणारी तरतूद संमत केली. तीत कृषी, पतपुरवठा, वीज, दूरध्वनी, गृहनिर्माण व आरोग्य या क्षेत्रांतील सहकाराला विशेष महत्त्व देण्यात आले.

निवडप्रक्रिया

यूएसएड ठरावीक काळाने अर्ज मागवीत असे. अर्जात कामाचे देश, सहकारी संस्थांपुढील अडचणी, त्यांवरील उपाय, अंदाजपत्रक आणि फलनिष्पत्ती मोजण्याची पद्धत नमूद करावी लागे. कामाचा आराखडा, पूर्वानुभव आणि कर्मचाऱ्यांची पात्रता पाहून अर्जांचे मूल्यमापन होई. मंजूर कामाचा कालावधी साधारणतः पाच वर्षांचा असे. अनुदान मिळविणाऱ्या संस्थांना खर्चाचे लेखापरीक्षण व नियमित अहवाल बंधनकारक होते.

कार्य

अनुदानाचा भर थेट भांडवल पुरविण्यापेक्षा संस्थेची घडी बसविण्यावर होता. पोटनियम तयार करणे, संचालक मंडळाचे प्रशिक्षण, हिशेबपद्धती, सभासदांकडून भागभांडवल उभारणे आणि बाजारपेठेशी जोडणी ही कामे त्यात येत. युगांडात १९९७ पासून एका अमेरिकी आरोग्य सहकारी संस्थेने पूर्वभरणा तत्त्वावरील आरोग्य सहकार उभा करण्यास मदत केली. तेथे कॉफी, चहा व दूध उत्पादकांच्या आधीपासूनच्या गटांमधून सभासद नोंदविले गेले.

अनेक देशांत सहकार निबंधकाला संस्थांच्या कारभारात व्यापक हस्तक्षेपाचे अधिकार होते. त्यामुळे सहकार कायद्यांतील सुधारणा हाही कामाचा महत्त्वाचा भाग ठरला.

मर्यादा व टीका

स्पर्धेमुळे सार्वजनिक पैशाचा विनियोग तपासता येतो आणि नव्या कल्पनांना वाव मिळतो, हा या पद्धतीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आहे. मात्र अर्जलेखन व लेखापरीक्षणाची क्षमता असलेल्या मोठ्या, अनुभवी संस्थांना अशा स्पर्धेत स्वाभाविक लाभ मिळतो. ज्या गावातील संस्थेसाठी निधी मागितला जातो, तिचे सभासद अर्जदार नसल्याने कोणती अडचण आधी सोडवायची हे ठरविण्यात त्यांचा वाटा मर्यादित राहू शकतो.

दुसरी अडचण कालावधीची आहे. सभासदांचा विश्वास, भागभांडवल आणि संचालकांचा अनुभव हळूहळू वाढतो, तर अनुदान मुदतीत संपते. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये स्वीकारलेल्या सात तत्त्वांपैकी चौथे तत्त्व स्वायत्ततेचे आहे. बाहेरून भांडवल घेताना सभासदांचे लोकशाही नियंत्रण अबाधित राहील अशाच अटी संस्थेने मान्य कराव्यात, असे ते सांगते. या कसोटीनुसार अनुदानाचे यश वाटलेल्या रकमेवरून ठरत नाही. निधी थांबल्यावर संस्था सभासदांच्या बळावर चालते का, यावरून ठरते.

थेट स्पर्धेशी तुलना

काही योजनांमध्ये उत्पादकांच्या संस्था स्वतःच अर्ज करतात. महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविला जाणारा बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन (स्मार्ट) प्रकल्प हे त्याचे उदाहरण आहे. त्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांसह समुदाय आधारित संस्था व्यवसाय प्रस्ताव सादर करतात. पात्र प्रकल्पांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते व उर्वरित रक्कम संस्थेला स्वतः किंवा कर्जाद्वारे उभारावी लागते. या पद्धतीत निर्णय सभासदांच्या हाती राहतो. परंतु स्वतःचा हिस्सा उभारू न शकणाऱ्या नव्या व दुर्बल संस्था मागे पडण्याचा धोका असतो.

यूएसएडचा अस्त

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्य स्थगित केले. मार्चमध्ये यूएसएडचे सुमारे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केले. १ जुलै २०२५ रोजी संस्थेचे परदेशी साहाय्याचे काम थांबून उर्वरित जबाबदारी परराष्ट्र खात्याकडे गेली. त्यामुळे एकाच देणगीदार देशाच्या निधीवर विसंबलेल्या सहकार विकासाच्या टिकाऊपणाचा प्रश्न अधिक तीव्र झाला.